सर जगदीशचंद्र बोस : विजेच्या आखूड लहरींचे आद्य उपासक

विद्यार्थी मित्रहो, पुष्कळ घरांच्या गच्चीवर दूरचित्रवाणीसाठी बसविलेली वाटोळी तबकडी आपण नेहमी पाहता. त्या तबकडीपुढे एका दांड्याच्या टोकाशी लहानसे तोंड असलेले एक यंत्र असते व त्या तोंडाच्या आत नरसाळ्यासारखी एक पोकळी असते. आकाशातील उपग्रहाकडून आलेल्या विद्युल्लहरी तबकडीवर आपटून त्या नरसाळ्यात शिरतात. मग आपल्या घरात चित्र उमटते. अशा नरसाळ्याचा अगदी आरंभीचा एक नमुना सव्वाशे वर्षांपूर्वी कलकत्त्यातील एका चिंचोळ्या खोलीत एका हिंदी अध्यापकाने पत्र्याचे काम करणाऱ्या साध्या कारागिराकडून करवून घेतला होता, हे आपणांपैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. त्या अध्यापकाचे चरित्र आम्ही येथे संक्षेपाने सांगणार आहो. वनस्पतींच्या संवेदना दाखविणारे शास्त्रज्ञ म्हणून सर जगदीशचंद्र बोस यांचे नाव पाठ्यपुस्तकांतून सर्वांस परिचित आहे. परंतु त्यांच्या आयुष्यातील बिनतारी लहरींचा अध्याय तितकाच उज्ज्वल असून विद्यार्थ्यांनी विशेष मनन करावा असा आहे.

जगदीशचंद्रांचा जन्म ३० नोव्हेंबर १८५८ रोजी पूर्व बंगालात झाला. त्यांचे घराणे ढाका जिल्ह्यातील विक्रमपूर भागातले. वडील भगवानचंद्र हे सरकारी नोकरीत डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते. त्या काळी अशा अधिकाऱ्याचा मुलगा इंग्रजी शाळेत जावयाचा, हा जणू शिरस्ताच होता. भगवानचंद्रांनी मात्र आपल्या मुलास प्रथम गावच्या बंगाली शाळेत घातले. मुलाने आधी आपली भाषा व आपली माणसे ओळखावी, असा त्यांचा आग्रह होता. त्या शाळेत जगदीशचंद्रांच्या एका बाजूस वडिलांच्या मुसलमान चाकराचा मुलगा बसे व दुसऱ्या बाजूस एका कोळ्याचा मुलगा बसे. त्यांच्या तोंडून पशुपक्ष्यांच्या व जलचरांच्या गोष्टी ऐकता ऐकता सृष्टीविषयीचे कुतूहल आपल्या मनात रुजले, असे पुढे त्यांनी स्वतःच सांगितले आहे. त्यांना खांद्यावर बसवून शाळेत नेणारा गडी पूर्वाश्रमीचा दरोडेखोर होता. भगवानचंद्रांनीच त्याला शिक्षा ठोठावली होती आणि तो सुटून आल्यावर त्यांनीच त्याला आपल्या घरी काम दिले होते. अशा उदार पित्याच्या छायेत हा मुलगा वाढला.

पुढे १८६९ साली त्यांस कलकत्त्यास पाठविण्यात आले. थोडे दिवस हेअर स्कूलमध्ये काढल्यावर ते सेंट झेवियर्स शाळेत दाखल झाले. खेड्यातून आलेल्या, इंग्रजी बोलण्यास अडखळणाऱ्या त्या मुलास आरंभी तेथे सोबती असे नव्हतेच. तथापि याच संस्थेच्या कॉलेजात त्यांस फादर युजीन लाफाँ हे गुरू लाभले. हे बेल्जियन जेझुइट धर्मगुरू पदार्थविज्ञान शिकवीत असत. ते नुसते पुस्तक वाचून दाखवीत नसत. प्रत्येक सिद्धांत यंत्रांनिशी डोळ्यांपुढे घडवून दाखवीत. प्रयोग हाच शास्त्राचा खरा ग्रंथ होय, हा धडा जगदीशचंद्रांनी या वर्गात घेतला आणि तो जन्मभर विसरला नाही.

१८७९ साली पदवी मिळाल्यावर ते वैद्यकाच्या अभ्यासाकरिता १८८० साली विलायतेस गेले. परंतु त्यांस वरचेवर ताप येऊ लागला व शवच्छेदनाच्या खोलीतील उग्र वासाने प्रकृती अधिकच बिघडली. तेव्हा वैद्यकाचा नाद सोडून त्यांनी केंब्रिजच्या क्राइस्ट्स कॉलेजात शास्त्राचा अभ्यास आरंभिला. तेथे लॉर्ड रॅले यांच्यासारखे प्रख्यात पदार्थविज्ञानवेत्ते त्यांस गुरू लाभले. १८८४ साली केंब्रिज व लंडन अशा दोन्ही विद्यापीठांच्या पदव्या घेऊन ते स्वदेशी परतले.

१८८५ साली कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात पदार्थविज्ञानाचे अध्यापक म्हणून त्यांची नेमणूक झाली. त्या काळी एकाच हुद्द्यावरील गोऱ्या अध्यापकास जेवढे वेतन मिळे त्याच्या दोन-तृतीयांशच हिंदी अध्यापकास मिळत असे. शिवाय नेमणूक हंगामी असल्यामुळे त्यातलेही निम्मे कापले जाई. म्हणजे काम पूर्ण आणि वेतन एक-तृतीयांश! जगदीशचंद्रांनी यावर भांडण केले नाही, राजीनामाही दिला नाही. ते रोज वेळेवर कॉलेजात जात, मनापासून शिकवीत आणि महिनाअखेर आलेले वेतन परत करीत. असे एक-दोन महिने नव्हे, तब्बल तीन वर्षे चालले. याच सुमारास वडील उद्योगधंद्यात बुडून कर्जबाजारी झाले होते. १८८७ साली अबलादेवींशी जगदीशचंद्रांचा विवाह झाला, तेव्हाही घरात द्रव्याची ओढाताणच होती. पत्नीने एका शब्दाने कुरकुर केली नाही. ही विदुषी पुढे बंगालातील स्त्रीशिक्षणाच्या कार्यात स्वतःच्या कर्तृत्वाने नावारूपास आली. अखेर अधिकाऱ्यांस आपली चूक उमगली. जगदीशचंद्रांची नेमणूक कायम झाली व मागील तीन वर्षांचे पूर्ण वेतन त्यांस एकरकमी देण्यात आले. त्या रकमेचा विनियोग त्यांनी वडिलांचे कर्ज फेडण्याकडे केला. मानाची गोष्ट मान न सोडता व कामही न सोडता कशी मिळवावी, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस तरी आठवत नाही.

आता आपण आमच्या मुख्य विषयाकडे वळू. १८८८ साली जर्मनीत कार्ल्सरूए येथे हाइनरिख हर्ट्झ या शास्त्रज्ञाने विजेच्या ठिणगीपासून अदृश्य लहरी निघतात व त्या प्रकाशाप्रमाणेच परावर्तन पावतात व वळतात, असे सिद्ध केले. परंतु त्याच्या या प्रयोगांतील लहर सुमारे ६६ सेंटीमीटर लांब होती. एवढ्या लांब लहरीस आवरण्यासाठी त्याला दोन मीटर उंचीचे जस्ताचे वक्र आरसे करावे लागले. लहर वळविण्यासाठी डांबराचा जो लोलक त्याने ओतला त्याचे वजन सहाशे किलोच्या घरात गेले! १ जानेवारी १८९४ रोजी अवघ्या छत्तिसाव्या वर्षी हर्ट्झ मरण पावला. त्याच्या कार्यावर सर ऑलिव्हर लॉज यांनी त्या वर्षी दिलेले व्याख्यान छापून प्रसिद्ध झाले व ते जगदीशचंद्रांच्या वाचनात आले. ३० नोव्हेंबर १८९४ रोजी जगदीशचंद्रांस छत्तीस वर्षे पूर्ण झाली. त्या वाढदिवशी त्यांनी यापुढे आपले आयुष्य संशोधनास वाहण्याचा संकल्प केला.

संकल्प करणे सोपे. पण साधने कोठे होती? कॉलेजात संशोधनाची प्रयोगशाळा नव्हती. स्नानगृहाला लागून असलेली अवघी चोवीस चौरस फुटांची एक खोली, तीच त्यांची प्रयोगशाळा. दिवसभर वर्ग घ्यावयाचे व उरल्या वेळात तेथे काम करावयाचे. मदतीस यंत्रशास्त्र न शिकलेला पत्र्याचा एक कारागीर होता. यंत्रांचा खर्च पदरचा. अशा खोलीत हर्ट्झचा एक आरसा तरी मावला असता काय?

येथेच जगदीशचंद्रांच्या बुद्धीचे मर्म दिसून येते. यंत्र मोठे का करावे लागते, असा प्रश्न त्यांनी मुळातच हात घालून विचारला. वाचकांनी एखाद्या बंदरातील पाणी पाहिले असेल. समुद्राची मोठी लाट पाण्यात रोवलेल्या खांबाची दखलही घेत नाही. ती त्याला वळसा घालून पुढे जाते व खांबामागे पुन्हा एक होते. पण वाऱ्याने उठलेला बारीक तरंग त्याच खांबावर आपटून मागे फिरतो. विद्युल्लहरींचेही असेच आहे. आरसा, भिंग वा लोलक लहरीच्या लांबीच्या मानाने पुष्कळ मोठा असेल तरच तो तिला वळणावर आणू शकतो. मग यंत्र लहान करावयाचे असेल तर उपाय एकच, तो म्हणजे लहरच आखूड करणे. जगदीशचंद्रांनी ठिणगी पाडण्यासाठी प्लॅटिनमचा बारीक गोळा योजला व लहरीची लांबी ५ ते २५ मिलिमीटरपर्यंत खाली आणली. ६६ सेंटीमीटरची लहर बोटाच्या पेराएवढी व त्याहूनही आखूड झाली. त्याबरोबर सगळे यंत्रही आक्रसले आणि टेबलावर मांडता येईल, पेटीत घालून नेता येईल, इतके सुटसुटीत झाले.

या लहान यंत्रात एकेक भाग कल्पकतेने भरलेला होता. लहरी इकडे तिकडे पसरू नयेत म्हणून ठिणगी धातूच्या चौकोनी नळीत ठेवली होती. लहरी त्या नळीतून पाण्याच्या पाटाप्रमाणे वाहत पुढे जात. येणाऱ्या लहरी गोळा करण्यासाठी ग्राहक यंत्राच्या तोंडाशी चौकोनी नरसाळे लावले होते. आजचे अभियंते यालाच हॉर्न अँटेना म्हणतात. लहरी ओळखण्यासाठी पोलादी स्प्रिंगांचे बारीक वेटोळे शेजारी शेजारी दाबून बसविले होते. लहर येताच त्यांतून जाणारा प्रवाह वाढे व सुई हले. लहरींच्या कंपनाची दिशा तपासण्यासाठी तर त्यांनी मोठी गंमत केली. ब्रॅडशॉचे रेल्वेचे वेळापत्रक घेऊन त्याच्या पानापानांमध्ये कथलाचा वर्ख घातला! एका दिशेने धरले असता ते पुस्तक लहरींस जाऊ देई. आडवे फिरविले की वाट बंद होई. तागाच्या तंतूंस पीळ देऊन केलेल्या जुड्यांतून लहर सोडली असता तिच्या कंपनाचे प्रतल फिरते, हेही त्यांनी दाखविले. साखरेचे पाणी प्रकाशाच्या बाबतीत जे करते तेच बंगालच्या तागाने अदृश्य प्रकाशाच्या बाबतीत केले. काचेचे दोन लोलक समोरासमोर ठेवून त्यांमधील हवेची फट कमीजास्त केल्यास किती लहर पलीकडे जाईल, हे मोजण्याचा त्यांचा प्रयोगही प्रसिद्ध आहे. शंभर वर्षांनी अमेरिकेतील ॲरिझोना येथील बारा मीटर व्यासाच्या रेडिओ दुर्बिणीच्या ग्राहक यंत्रात त्यांच्या जुन्या निबंधांतील कल्पना उपयोगात आणण्यात आल्या.

१८९५ च्या मे महिन्यात त्यांनी आपला पहिला निबंध बंगालच्या एशियाटिक सोसायटीपुढे वाचला. त्याच वर्षी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये त्यांनी भर सभेत प्रयोग करून दाखविला. सुमारे ७५ फुटांवर ठेवलेल्या यंत्रापर्यंत लहरी गेल्या. मध्ये भिंती होत्या आणि प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांचा धिप्पाड देहही होता. तरीही पलीकडे घंटा वाजली, पिस्तुलाचा बार निघाला व बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला. मध्ये तार नाही, दोरी नाही. लोक आश्चर्याने थक्क झाले. १८९६ साली लंडन विद्यापीठाने त्यांस डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली. २९ जानेवारी १८९७ रोजी लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये, जेथे पूर्वी फॅरेडे बोलत असे त्याच व्यासपीठावर, त्यांनी आपल्या यंत्रासह व्याख्यान दिले.

येथे एक गोष्ट निःपक्षपातीपणाने सांगणे आम्हांस अवश्य वाटते. बिनतारी संदेशाचा शोध एकट्या जगदीशचंद्रांनी लावला व मार्कोनीने तो पळविला, असे अभिमानाच्या भरात कित्येकदा लिहिण्यात येते. तसे म्हणणे रास्त नव्हे. मार्कोनीचे उद्दिष्ट दूरवर संदेश धाडणे हे होते व त्यासाठी त्याने लांब लहरी पसंत केल्या. १९०१ च्या डिसेंबरात त्याने अटलांटिक महासागरापलीकडे संकेत पोचविला. जगदीशचंद्रांस लहरींचा स्वभाव जाणून घ्यावयाचा होता. आखूड लहरी प्रकाशाप्रमाणे सरळ जातात, मोठ्या आडोशामागे वळत नाहीत, आणि त्या जोराने व अखंड उत्पन्न करण्याचे साधन त्या काळी कोणापाशीही नव्हते. म्हणून जगाने त्या लहरींकडे जवळजवळ अर्धशतक पाठ फिरविली. दुसऱ्या महायुद्धात रडारकरिता त्यांची गरज पडली, तेव्हा त्यांचा पुन्हा कसून अभ्यास सुरू झाला. वाट तीच होती. पण तिच्यावरून एक मनुष्य फार पूर्वी एकटा चालून गेला होता. ज्याचा जो वाटा त्याला तो द्यावा, यातच खरा अभिमान आहे.

या शोधांतून द्रव्य मिळविण्याची संधी जगदीशचंद्रांपुढे चालून आली नव्हती असे नाही. १९०१ साली ते लंडनमध्ये असता तारायंत्राच्या व्यवसायातील एक धनाढ्य गृहस्थ त्यांच्याकडे आला व ग्राहक यंत्राचे गुपित सभेत उघड न करता त्याचे हक्क राखून ठेवावेत, म्हणजे अपार संपत्ती मिळेल, असे त्यांस विनवू लागला. जगदीशचंद्रांनी ती विनंती साफ नाकारली व आपला वृत्तांत मित्र रवींद्रनाथ ठाकूर यांस पत्राने कळविला. ज्ञान हे गंगेच्या पाण्यासारखे सर्वांचे आहे, त्यावर कुलूप घालणे बरे नव्हे, अशी त्यांची धारणा होती. पुढे मित्रमंडळींच्या फारच आग्रहावरून गॅलेना या शिशाच्या खनिजाच्या ग्राहकाबद्दल त्यांनी अमेरिकेत अर्ज केला व २९ मार्च १९०४ रोजी त्यांस पेटंट मिळाले. परंतु त्या हक्कातून त्यांनी द्रव्य मिळविले नाही. मौज अशी की, आजच्या इलेक्ट्रॉनिक युगाचा पाया असलेल्या अर्धवाहक पदार्थांच्या इतिहासात तो दगडाचा तुकडा अग्रभागी येऊन बसला आहे. त्या विषयातील नोबेल पारितोषिकाचे मानकरी सर नेव्हिल मॉट यांनी जगदीशचंद्र आपल्या काळापेक्षा निदान साठ वर्षे पुढे होते, असा अभिप्राय दिला होता.

विद्युल्लहरींचे ग्राहक यंत्र दीर्घकाळ चालविले म्हणजे थकल्यासारखे मंद होते व विश्रांतीनंतर ताजेतवाने होते, असे त्यांच्या नजरेस आले. त्यावरून निर्जीव व सजीव यांमध्ये साम्य असावे काय, हा विचार त्यांच्या मनात आला आणि ते वनस्पतींच्या अभ्यासाकडे वळले. झाडाची क्षणाक्षणाची वाढ हजारो पटींनी मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ हे यंत्र त्यांनी बनविले. या क्षेत्रातील त्यांच्या काही अनुमानांवर वाद झाले, विरोधही झाला; तथापि यंत्रांच्या नाजूकपणाविषयी दुमत नव्हते. १९१७ साली त्यांस सर ही पदवी मिळाली व १९२० साली ते रॉयल सोसायटीचे सभासद निवडले गेले.

१९१५ साली कॉलेजातून निवृत्त झाल्यावर त्यांनी आपली साठवण वेचून एक संशोधनमंदिर उभारले. ३० नोव्हेंबर १९१७ रोजी, म्हणजे आपल्या एकोणसाठाव्या वाढदिवशी, त्यांनी बसू विज्ञान मंदिर राष्ट्रास अर्पण केले. तेथे लागणारे शोध सर्वांचे असतील, कोणी त्यांचे पेटंट घेणार नाही, असा त्यांनी दंडक घातला. ज्यांस उमेदीच्या काळात चोवीस चौरस फूट जागा मिळाली, त्यांनी पुढील पिढ्यांस अशी प्रशस्त वास्तू दिली. २३ नोव्हेंबर १९३७ रोजी गिरिडीह येथे त्यांचे देहावसान झाले.

आणि त्या आखूड लहरींचे पुढे काय झाले? लहर आखूड केली की यंत्र लहान होते, हा जो नियम जगदीशचंद्रांनी आपल्या खोलीत आचरणात आणला, त्याच नियमावर आजची बिनतारी विद्या उभी आहे. १९५३ साली अमेरिकेत एक चपटी अँटेना सुचविण्यात आली व १९७० नंतरच्या दशकात ती प्रत्यक्ष प्रचारात आली. पातळ निरोधक पत्र्याच्या एका अंगास अखंड धातू व दुसऱ्या अंगास धातूचा लहानसा चौकोन, एवढीच तिची रचना. त्या चौकोनाची लांबी त्या पदार्थातील लहरीच्या सुमारे निम्मी ठेवावी लागते. लहर जर एक मीटरची असेल तर तो चौकोन पाटाएवढा होईल. लहर एक सेंटीमीटरची असेल तर तो तुरीच्या दाण्याएवढा होऊन खिशातील दूरध्वनीत अशा अनेक चौकोनांची रांग मावते. पाचव्या पिढीच्या दूरध्वनिसेवेसाठी ज्या अतिउच्च पट्ट्या राखण्यात आल्या, त्यांतील लहरी एक सेंटीमीटरच्या आसपास, म्हणजे नेमक्या जगदीशचंद्रांच्या ५ ते २५ मिलिमीटरांच्या मर्यादेत आहेत. गच्चीवरील तबकडीत शिरणाऱ्या लहरीही सुमारे अडीच सेंटीमीटरांच्याच. २०१२ साली आयईईई या विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संस्थेने त्यांच्या १८९४ ते १८९६ या काळातील प्रयोगांस विद्युतशास्त्राच्या इतिहासातील मैलाचा दगड म्हणून मान दिला.

मित्रहो, आमच्या शाळेत अमुक यंत्र नाही, अमुक पुस्तक नाही, जागा अपुरी आहे, अशी तक्रार आपण वारंवार करतो, व ती पुष्कळदा खरीही असते. जगदीशचंद्रांचीही अडचण खरीच होती, आणि न्याय्य वेतनासाठी ते तीन वर्षे झगडले, म्हणजे अन्याय मुकाट्याने सोसावा असे त्यांचे चरित्र सांगत नाही. परंतु खोली मोठी होण्याची वाट पाहत ते बसले नाहीत. खोलीत मावेल अशी लहर त्यांनी शोधली, आणि ती लहर आज जगभर पसरली आहे. आपल्यापुढे जी अडचण असेल तिच्याकडे पाहून आपणही एकदा मुळाशी जाऊन प्रश्न विचारावा, व उत्तर हाती आल्यास ते मुठीत न झाकता सर्वांपुढे ठेवावे. या थोर पुरुषाचे स्मरण करण्याचा याहून उचित मार्ग आम्हांस दिसत नाही.